जुना डीएसएलआर की खिशातला छोटा कॅमेरा: घेण्याआधी काय पाहावं

दिवाळीत भाची आली होती. तिची लेक दीड वर्षाची, घरभर धावणारी. भाचीने विचारलं, "मामा, हिचे नीट फोटो काढायला कॅमेरा घ्यायचाय. वापरलेला डीएसएलआर घेऊ की खिशात मावणारा छोटा?"

डीएसएलआर म्हणजे आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा. हा प्रश्न हल्ली मला बरेच जण विचारतात, आणि त्याला कारणही आहे. कॅनन आणि निकॉन या दोघांनी २०२० नंतर एकही नवा डीएसएलआर आणलेला नाही, त्यांचा सगळा जोर मिररलेसवर, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर आहे. त्यामुळे दहा-बारा वर्षं वापरलेले पण धडधाकट डीएसएलआर मिररलेसच्या मानाने खूप कमी पैशांत मिळतात. दुसरीकडे, फोनमुळे मागे पडलेल्या छोट्या कॅमेऱ्यांना पुन्हा मागणी आली आहे. पहिलाच कॅमेरा घेणारा माणूस या दोन्हींच्या मध्ये अडकतो.

मी भाचीला लगेच उत्तर दिलं नाही. तिचा फोन मागून घेतला.

पहिली पायरी: फसलेले फोटो मोजा

फोनची गॅलरी उघडा. गेल्या वर्षभरातले, "हा नीट आला असता तर किती बरं झालं असतं" असं वाटणारे तीस-चाळीस फोटो निवडा. चांगले आलेले नकोत, फसलेलेच हवेत. मग वहीत चार रकाने आखा: उजेड कमी, वस्तू लांब, माणूस हलला, इतर. प्रत्येक फोटोसाठी एक रेघ ओढा. एका फोटोत दोन दोष असतील तर दोन रेघा.

"इतर" मध्ये डोळे मिटलेले, लेन्सवर बोट आलेलं, पाठीमागून ऊन असलेले फोटो येतील. हा रकाना सगळ्यात मोठा निघाला तर थांबा. त्या चुका नवीन कॅमेऱ्याने सुधारत नाहीत, पैसे मात्र जातात.

भाचीचे आम्ही असे ३४ फोटो निवडले. त्यातले २१ घरातले, संध्याकाळी सातनंतरचे, ट्यूबलाइटच्या उजेडात पळणाऱ्या मुलीचे होते. लांबचे फक्त दोन, विसर्जनाच्या मिरवणुकीतले. अंधारात फोन पटापट अनेक फोटो काढून एकावर एक जोडतो, म्हणून देव्हारा छान येतो आणि देव्हाऱ्यासमोर उड्या मारणारं मूल फरफटलेलं येतं. म्हणजे भाचीची अडचण एका वाक्यात मांडता आली: कमी उजेडात हलणारं माणूस. तुमची अडचण अशी एका वाक्यात आली की पुढचं बरंच सोपं होतं.

दुसरी पायरी: कागदाचे तीन तुकडे कापा

कॅमेऱ्याच्या आत ज्या पट्टीवर उजेड पडतो ती सेन्सर. तिचा आकार नुसता वाचून लक्षात राहत नाही, म्हणून मी सगळ्यांना आलेखाच्या कागदाचे तीन तुकडे कापायला लावतो. पहिला साडेतेवीस बाय साडेपंधरा मिलिमीटर. हा निकॉनच्या बहुतेक घरगुती डीएसएलआरमधला एपीएस-सी सेन्सर. कॅननचा याहून किंचित लहान असतो. दुसरा १३ बाय ९, चांगल्या छोट्या कॅमेऱ्यांमधला "एक-इंची" सेन्सर. याची एकही बाजू एक इंच नसते. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काचनळीच्या बाहेरच्या व्यासावरून हे नाव आलं आणि तसंच चिकटून राहिलं. तिसरा तुकडा ६ बाय साडेचार, स्वस्त छोट्या कॅमेऱ्यांमधला. त्याला १/२.३ इंची म्हणतात.

तिन्ही तळहातावर ठेवा. पहिला टपाल तिकिटासारखा, दुसरा अंगठ्याच्या नखाएवढा, तिसरा तुरीच्या डाळीएवढा. चौरस मिलिमीटरमध्ये मोजलं तर साधारण ३६६, ११६ आणि २८.

डाळीएवढ्या सेन्सरचा कॅमेरा निव्वळ फोटोच्या दर्जासाठी घेऊ नका, हे माझं स्पष्ट मत आहे. आजच्या बऱ्याच फोनमधला मुख्य सेन्सर याहून मोठा असतो. साध्या छोट्या कॅमेऱ्याच्या जाहिरातीत "२० मेगापिक्सेल" ठळक छापलेलं असतं, पण डाळीवर वीस दशलक्ष खळगे पाडले म्हणून डाळ मोठी होत नाही. जुन्या सीसीडी सेन्सरवाल्या कॅमेऱ्यांचा रंग आणि लखलखता फ्लॅश कॉलेजच्या मुलांना आवडतो. तो रंग मनापासून आवडत असेल तर जरूर घ्या, फक्त त्यासाठी फार मोठी रक्कम मोजू नका.

तेव्हा खरी निवड टपाल तिकीट आणि नख यांच्यात आहे.

तिसरी पायरी: लेन्सकडे बघा (इथे घाई नको)

तिकीट नखाच्या तिप्पट, मग अंधारात डीएसएलआर तिप्पट चांगला, असं कुणालाही वाटेल. सेकंडहँड घेणारे सगळ्यात जास्त इथेच चुकतात.

डीएसएलआरसोबत येते ती किट लेन्स, १८-५५ एमएम (हा आकडा जितका मोठा तितकं दृश्य जवळ दिसतं). तिच्यावर एफ/३.५-५.६ असं लिहिलेलं असतं. एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं भोक मोठं. चांगल्या एक-इंची कॅमेऱ्याची लेन्स एफ/१.८ पासून सुरू होते. ३.५ ला १.८ ने भागून वर्ग केला की येतात पावणेचार. म्हणजे तेवढ्याच जागेवर छोट्या कॅमेऱ्यात पावणेचार पट उजेड पडतो, आणि डीएसएलआरची जागा त्याच्या तिप्पट. हिशेब जवळपास बरोबरीत सुटतो, उलट छोटा कॅमेराच किंचित पुढे राहतो. म्हणून किट लेन्स लावलेला जुना डीएसएलआर घेऊन संध्याकाळच्या दिवाणखान्यात उभा राहिलेला माणूस हिरमुसतो. एवढं धूड घेतलं आणि फोटो तसेच हललेले!

आता त्याच डीएसएलआरवर निकॉनची ३५ एमएम एफ/१.८ लावा. ही लेन्स २००९ मध्ये खास याच आकाराच्या सेन्सरसाठी आली आणि वापरलेली सहज मिळते. आता भोकही मोठं आणि तिकीटही मोठं, म्हणजे एकूण उजेड छोट्या कॅमेऱ्याच्या तिप्पट. छोट्या कॅमेऱ्याला उजेड घ्यायला जिथे १/६० सेकंद लागेल तिथे हिला साधारण १/२०० सेकंद पुरतं. धावणाऱ्या मुलाचा चेहरा १/६० ला फरफटतो, १/२०० ला बहुतेक वेळा स्पष्ट येतो. भाचीच्या २१ फोटोंचं उत्तर या एका लेन्समध्ये होतं.

म्हणून मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो: डीएसएलआर घेत असाल तर बॉडीत (लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्यात) पैसे वाचवा आणि लेन्सवर घाला. कॉम्पॅक्ट, म्हणजे छोटा कॅमेरा घेत असाल तर सेन्सर आणि त्यावरची लेन्स यांवरच पैसे घाला, कारण ती लेन्स पुढे कधीच बदलता येणार नाही. बजेट वीस हजार असेल तर सगळे वीस हजार बॉडीत घालणाऱ्यापेक्षा बारा हजारांत जुनी बॉडी आणि उरलेल्यात चांगली लेन्स घेणाऱ्याचे फोटो सरस येतात.

लेन्स घेताना दोन ठिकाणी ठेच लागते. निकॉनच्या डी३२००, डी५३०० अशा ३००० आणि ५००० मालिकांच्या बॉडीत फोकसची मोटर नसते. त्यांना ज्या लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी (म्हणजे मोटर लेन्समध्येच) लिहिलंय तीच घ्यावी, आणि एएफ-पी घ्यायची तर ती नेमक्या तुमच्या मॉडेलवर चालते का ते आधी पाहावं. स्वस्त मिळाली म्हणून जुनी ५० एमएम एफ/१.८ डी घेतली तर फोकस हातानेच फिरवत बसावं लागतं. डी९०, डी७०००, डी७१०० यांत मोटर आहे, तिथे ही अडचण येत नाही. दुसरी ठेच कॅननवाल्यांना लागते. त्यांची ५० एमएम एफ/१.८ एसटीएम स्वस्त आणि सुरेख आहे, पण एपीएस-सी बॉडीवर ती ८० एमएमसारखी दिसते. दहा बाय बाराच्या खोलीत बाळाचा पूर्ण फोटो घ्यायला पाठ भिंतीला टेकते. घरासाठी त्यांची २४ एमएम एफ/२.८ एसटीएम बरी. तिच्यात उजेड थोडा कमी येतो, पण खोली मावते.

कॉम्पॅक्टमध्येही नीट वाचून घ्या. सोनीचा पहिला आरएक्स१०० २०१२ चा. त्याची लेन्स एफ/१.८ ला सुरू होते खरी, पण झूम केल्यावर एफ/४.९ वर जाते. २०१४ चा आरएक्स१०० मार्क ३ झूमच्या टोकालाही एफ/२.८ वरच राहतो, शिवाय त्यात वर उघडणारा व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची छोटी खिडकी) आहे. नावात फरक एका आकड्याचा, संध्याकाळच्या फोटोत फरक तिप्पट उजेडाचा. कॅननचा जी७एक्स आणि जी७एक्स मार्क २ हेही याच जातीचे, टोकाला एफ/२.८. झूमशिवाय चालत असेल तर रिकोह जीआर पाहावा. तिकिटाएवढा सेन्सर आणि तरीही खरोखर पँटच्या खिशात जाणारा.

चौथी पायरी: पाण्याची बाटली गळ्यात अडकवा

निकॉन डी७००० बॅटरीसकट ७८० ग्रॅम, त्यावर १८-१०५ लेन्स ४२० ग्रॅम, म्हणजे एक किलो दोनशे. पहिला आरएक्स१०० बॅटरी-कार्डासकट २४० ग्रॅम, साधारण मोठ्या फोनइतका.

आकडे वाचून कुणाला काही वाटत नाही. म्हणून एक रविवार लिटरभर पाण्याची भरलेली बाटली पिशवीत घालून ती गळ्यात अडकवा आणि बाजार, बस, नातेवाईक सगळं करून या. संध्याकाळी मान काय म्हणते ते ऐका. दुपारीच बाटली काढून ठेवली असेल, तर डीएसएलआरही कपाटात राहणार.

मी एका वर्षी सासवडपर्यंत पालखीबरोबर मोठा कॅमेरा घेऊन चाललो. दिवे घाटात पाऊस आला आणि उरलेला वेळ कॅमेरा प्लास्टिकमध्ये गुंडाळून पोटाशी धरण्यात गेला. त्याहून जास्त खटकलं ते वेगळंच. कॅमेरा वर केला की माणसं सावरून उभी राहायची, पदर नीट करायची, "कुठल्या पेपरचे तुम्ही?" विचारायची. पुढच्या वर्षी छोटा कॅमेरा नेला. एक आजी तुळशीवृंदावन डोक्यावरून उतरवून टेकल्या होत्या आणि नातीच्या पायाचा फोड बघत होत्या. त्यांचा फोटो मला तीन हात अंतरावरून मिळाला, नंतर दाखवला तेव्हा त्या हसल्या. मोठ्या कॅमेऱ्याने तो क्षण मोडला असता.

अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे, आत उजेडही जपून ठेवलेला असतो. पण भित्तिचित्रं हलत नाहीत. हाताचा कंप सावरणारी यंत्रणा असलेला एक-इंची कॅमेरा तिथे सावकाश शटरने (उजेड आत सोडणारा पडदा जास्त वेळ उघडा ठेवून) सुंदर काम देतो. ३५ एमएम एफ/१.८ मध्ये ती यंत्रणा नाही, निकॉनच्या डीएसएलआर बॉडीतही नसते. म्हणजे अंधार तोच, पण हलणारं मूल असेल तर मोठा सेन्सर आणि मोठं भोक, स्थिर चित्र असेल तर छोटा कॅमेराही पुरतो.

पाचवी पायरी: लांबचं आणि व्हिडिओचं

लांबच्या रकान्यात रेघा जास्त असतील तर प्रश्न लवकर मिटतो. भिगवणचे रोहित (फ्लेमिंगो), ठाणे खाडीवरचे पक्षी, शाळेच्या मैदानावरची शर्यत, यांसाठी जुना डीएसएलआर आणि ७०-३०० लेन्स. निकॉनवर ती १०५-४५० एमएमसारखी दिसते. वर आरशातून थेट दिसणारं दृश्य, त्यामुळे उन्हात स्क्रीन काळी पडण्याची भानगड नाही आणि उडणारा पक्षी डोळ्याने पाठलाग करत टिपता येतो. तीस-चाळीस पट झूमचे खिशातले कॅमेरे असतात, पण त्यात तीच डाळ असते. सकाळच्या कडक उन्हात चालतात, सूर्य कलला की संपले.

व्हिडिओ मुख्य असेल तर जुन्या डीएसएलआरपासून लांब राहा. व्हिडिओ काढणारा पहिला डीएसएलआर म्हणजे २००८ चा निकॉन डी९०, आणि पुढची बरीच वर्षं स्क्रीनवर बघून केलेला फोकस संथ आणि चाचपडत चालणारा होता. अपवाद कॅननच्या ड्युअल पिक्सेल (स्क्रीनवरही झटपट फोकस करणारी यंत्रणा) असलेल्या बॉडींचा: २०१३ चा ७०डी, नंतरचे ८०डी आणि २००डी. २००डी तर वजनालाही हलका आहे.

सहावी पायरी: हातात घेऊन तपासा

मुंबईत फोर्टच्या बोरा बाजार भागात कॅमेऱ्यांची बरीच दुकानं आहेत, दिवसभर फिरून तुलना करता येते. ऑनलाइन जाहिरातीवरून घेणार असाल तर विकणाऱ्याला दिवसा, उजेडाच्या जागी भेटा आणि आगाऊ पैसे पाठवू नका. बरोबर स्वतःचं मेमरी कार्ड, छोटा टॉर्च आणि वर्तमानपत्राचं एक पान न्या. बिल मागा, आणि बिलावरचा किंवा खोक्यावरचा सीरियल नंबर बॉडीच्या तळाशी असलेल्या नंबराशी ताडून बघा.

डीएसएलआर असेल तर आधी लेन्स काढून घ्या. तिचं भोक पूर्ण उघडं ठेवून मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. धुळीचे दोन-चार कण असतातच, त्याने काही बिघडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे, फांद्या फुटलेले पांढरे धागे दिसले तर ती फंगस. ती लेन्स कितीही स्वस्त असली तरी परत द्या. मग लेन्स लावा, एफ/१६ वर आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. काळपट ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ, ती साफ करून मिळते, तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागा. लेन्सचं झाकण लावून काही सेकंदांचा एक फोटो घ्या. काळ्यात लाल-निळे चमकणारे ठिपके भरपूर दिसले तर विचार करा.

शटर किती वेळा उडालंय तेही बघा. डी७००० चं शटर दीड लाख वेळांसाठी तपासलेलं, डी३२०० सारख्यांचं लाखभर. निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्येच हा आकडा लिहिलेला असतो. तिथेच काढलेला मूळ जेपीईजी, व्हॉट्सअॅपवरून न पाठवता, कार्डावरून फाइलची सगळी माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडला की दिसतो. कॅननच्या बहुतेक बॉडींत तो फाइलमध्ये नसतो, कॅमेरा जोडून खास प्रोग्रॅमने वाचावा लागतो. तीस-चाळीस हजार आकडा असेल तर निश्चिंत घ्या.

डी९० घेत असाल तर ३२ जीबीपर्यंतचंच कार्ड चालतं, त्यावरचं चालत नाही. डी३०० किंवा कॅननचा पहिला ५डी यांना सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) हे जुन्या प्रकारचं मोठं कार्ड लागतं. त्यांच्या खाचेत टॉर्च मारून आतल्या बारीक सुया सरळ आहेत ना ते बघा, एक वाकडी असेल तर कॅमेरा कार्ड ओळखत नाही.

छोट्या कॅमेऱ्याची तपासणी कानाने सुरू होते. दहा वेळा चालू-बंद करा. लेन्स दरवेळी एका लयीत बाहेर येऊन आत गेली पाहिजे. खरखर झाली, अडकली, किंवा पुढच्या पातळ पाकळ्या अर्धवट मिटल्या तर तो कॅमेरा आपटलेला आहे. वर्तमानपत्राचं पान भिंतीला चिकटवून समोरून फोटो काढा आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरं मोठी करून वाचा. तीन कोपरे स्पष्ट आणि एक धूसर असेल तर आतली भिंगं सरकली आहेत. इथेही पांढऱ्या भिंतीचा फोटो काढाच. डीएसएलआरवरची धूळ पुसता येते, छोट्याच्या आत गेलेली धूळ काढायला तो संपूर्ण उघडावा लागतो. बॅटरी बाहेर काढून टेबलावर ठेवा, ती फुगून गोल फिरत असेल तर नवी घ्यावीच लागेल. आणि एक्सडी हे आता बंद पडलेलं कार्ड लागणारा फार जुना कॅमेरा मिळत असेल तर घेऊ नका, त्याचं कार्ड शोधण्यातच जीव जातो.

सातवी पायरी: पावसाळ्याची सोय आधी करा

रत्नागिरीला असताना मी एक ५० एमएम लेन्स तिच्या चामड्याच्या कव्हरात घालून कपाटात ठेवली. जूनमध्ये ठेवली, ऑक्टोबरमध्ये काढली. टॉर्च मारला तर आत पांढरी रांगोळी उमटलेली. चामडं ओल धरून ठेवतं आणि बुरशीला तेवढंच हवं असतं. अजून ती लेन्स बघितली की वाईट वाटतं.

तुम्ही हे करा: घट्ट झाकणाचा, कडेला रबर असलेला पारदर्शक डबा घ्या. त्यात सिलिका जेलच्या पिशव्या आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की ते तापवून कोरडं करून परत वापरता येतं. कॅमेरा डब्यात चामड्याच्या कव्हराशिवाय ठेवा आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी काढून वापरा. कोकणात, मुंबईत, गोव्यात हा डबा कॅमेऱ्यासोबत त्याच दिवशी घ्यायचा. सोलापूर-विदर्भाकडे उन्हाळ्यात एवढी काळजी लागत नाही.

घरी आणल्यावर

जुन्या कॅमेऱ्याचं घड्याळ वारंवार शून्यावर येत असेल तर घाबरू नका. बऱ्याच मॉडेलमध्ये आत छोटी राखीव बॅटरी असते, ती मोठ्या बॅटरीवर चार्ज होते. भरलेली बॅटरी दोन दिवस आत राहू द्या. मग डायल ए वर (कॅननवर एव्ही) ठेवा, म्हणजे भोक तुम्ही ठरवता आणि शटरचा वेग कॅमेरा ठरवतो, एफचा आकडा सगळ्यात लहान करा, ऑटो आयएसओची (आयएसओ म्हणजे कमी उजेडात फोटो किती उजळ करायचा त्याचा आकडा) कमाल ३२०० ठेवा. निकॉनमध्ये ऑटो आयएसओच्या खालीच किमान शटर स्पीड ठरवता येतो, मूल पळतं असेल तर तिथे १/२०० ठेवा. पहिला महिना बाकीच्या मेन्यूत शिरायची गरज नाही.

भाचीने डी५३०० घेतला, अठरा हजार शटरचा, आणि ३५ एमएम. परवा तिने फोटो पाठवला: रात्री साडेआठ, स्वयंपाकघराचा उंबरा, हातात लाटणं घेऊन पळणारी मुलगी. लाटणं फरफटलंय, पण डोळे अगदी स्पष्ट आहेत. मी तिला कळवलं, पुढच्या वेळी १/२५० वर ठेवून बघ.